खालचा सा दादाचा

श्रीदत्तगुरूंच्या चरणी मस्तक ठेवून आणि उद्याच्या दत्तजयंतीचे निमित्त साधून मी एक विधान निःशंकपणे करतो : आमच्या आष्टी गावात, किंबहुना साऱ्या परतूर तालुक्यात, दुःखावर मजले चढवणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा शेजारी आहे. चित्रकलेचे शिक्षक म्हणून ते निवृत्त झाले तेव्हा मुलाने पुण्याहून विजेवर चालणारा पियानो आणून दिला. मोबाइलवर पाहून पाहून ते मायनर कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे उदास सूर, शिकले आणि मलाही शिकवू लागले. सा, कोमल गांधार आणि पंचम एकदम दाबले की झाला साधा मायनर. "हे तळमजल्याचं दुःख, शास्त्रीबुवा!" त्यावर कोमल निषाद चढवला की मायनर सेव्हन्थ, वरच्या सप्तकातला ऋषभ ठेवला की नाइन्थ, त्याहीवर मध्यम ठेवला की इलेव्हन्थ. ही विद्या त्यांनी संसारालाही लावली आहे. वहिनी नुसत्या गप्प बसल्या की ती सेव्हन्थ, गप्प राहून भांडी आपटू लागल्या की नाइन्थ, आणि माहेरच्या गाडीची वेळ विचारली की इलेव्हन्थ. "आता बोटं पुरत न्हाईत," असे म्हणून ते माझ्या ओसरीवर आश्रयाला येतात. एकदा त्यांनी गोठ्यात पियानो नेऊन म्हशीच्या हंबरण्याखाली नाइन्थ धरली. म्हशीने त्या संध्याकाळी पान्हा चोरला. "तिला समजलं, बिलकुल समजलं," असे ते चहात पाणी वाढवताना सांगत होते.

परंतु या मजल्यांनी एकदा मोठा अनर्थ केला. त्यांचे थोरले बंधू आमच्या दत्तमंदिरातले मुख्य गायक. दादांनी सा लावला की समईची ज्योतही हलत नाही, अशी गावाची श्रद्धा. एका दत्तजयंतीला त्या षड्जाखाली माझ्या शेजाऱ्यांनी दोन्ही हातांनी इलेव्हन्थचे सगळे मजले एकदम उभे केले. दादांचा सा त्यात बुडाला. ते त्याला शोधू लागले, घसरून निषादावर आले आणि थांबले. त्या शांततेत बायकांमधून कोणीतरी विचारले, "कोन गेलं वो?" दादांनी टाळ खाली ठेवले आणि ते उठून गेले. त्यानंतर एकाच अंगणात राहूनही दोघे भाऊ बोलेनासे झाले, आणि दादांचे गाणे बंद पडले.

गेल्या वर्षी मी मध्यस्थी केली. दादा म्हणाले, "तुमचा शब्द म्हून येतो, शास्त्रीबुवा. पन धाकल्यानं फिरून माझा सा खाल्ला, तर मी देवळाची पायरी चढणार न्हाई." मी शेजाऱ्यांना हात जोडले : "या खेपेला पेटीसारखे साधे सूर धरा."

"साधं धरलं तर दादाला वाटल, मी भिऊन गेलो."

"मग करणार काय?"

"बघून राह्यलो," एवढेच ते म्हणाले. माझी झोप उडाली.

उत्सवाच्या दिवशी सभामंडप भरला होता. दादा मुद्दाम पियानोकडे पाठ करून बसले. शेजाऱ्यांनी चारच पट्ट्या दाबल्या : कोमल गांधार, पंचम, कोमल निषाद आणि वरचा ऋषभ. यात दुःख कुठे होते? हे तर बारशाच्या घरासारखे प्रसन्न वाजत होते! आणि सा कुठेच नव्हता. दादांच्या मानेची शीर ताठ झाली. तो षड्ज आता त्यांना कोणाच्याही आधाराविना आणायचा होता, आणि पियानोचा नाद तर एकदा उमटला की विरतच जातो. मी मनातल्या मनात गुरूंचा धावा करीत राहिलो. नाद अगदी क्षीण झाला, आणि त्या काठावर दादांनी डोळे मिटून खाली, खोल, आपला सा लावला.

तत्क्षणी त्याच चार सुरांचा रंग पालटला. त्यांच्याखाली जमीन आली आणि ती मायनर नाइन्थ झाली. एकही बोट हलले नव्हते.

भजन संपल्यावर दादांनी वळूनही न पाहता विचारले, "धाकल्या, खालचा सा का सोडला रं?"

"त्यो तुझा हाय, दादा. मी कशाला दाबू?"

टाळांची दोरी गुंडाळता गुंडाळता दादा म्हणाले, "वरचा 'रे' ऱ्हाऊ दे तसाच. बराबर हाय."

यंदा दादा लेकीकडे नांदेडला आहेत. गुडघ्यांनी प्रवास नाकारला आहे. रोज दिवेलागणीला शेजारी पियानोवर फोन ठेवतात आणि त्या चार पट्ट्या दाबतात. नांदेडहून सा येतो, पण फोनमुळे किंचित उशिरा. तोवर इकडचा नाद विरून गेलेला असतो. "उशीर होऊन राह्यला, दादा. फिरून एकदा," असे म्हणून ते पुन्हा दाबतात. मधल्या त्या क्षणात ते चार सूर नुसतेच आनंदी वाजतात, आणि तो आनंद मला ऐकवत नाही.

काल त्यांनी विचारले, "जयंतीला देवळात सा कोन लावणार, शास्त्रीबुवा?" माझा कंठ पाठांतराचा, गाण्याचा नव्हे. तरीही आज पहाटेपासून मी ओसरीवर ॐकार खाली खाली नेऊन पाहतो आहे.

वाचकहो, आपल्या घरी जे कोणी खालचा सा धरून बसले असेल, त्यास श्रीदत्तगुरू दीर्घायुष्य देवोत. आणि वरच्या मजल्यावरच्या सर्वांना तो वेळेवर ऐकू येवो.