जवाईबापूंनी बसवलेला एक्सल

ऐंशीच्या दशकात मी पांढुर्ण्याला सरकारी जीप चालवायचो, तेही रोजंदारीवर. मला पक्कं करायचा कागद साहेबांच्या टेबलावर येऊन पडला होता. त्यांची एक सही झाली की मी कायम. अन् नेमकं त्याच आठवड्यात, साहेब बाजूला बसलेले असताना, बोरगावजवळच्या नाल्यातून चढताना मागं कट्टकन आवाज झाला. इंजिन बोंबलून राहिलं, गाडी जागची हलेना. मागच्या चाकाचा एक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, तुटला होता. पुढच्या चाकांचा गिअर टाकून कशीबशी सौंसरपर्यंत रखडत आणली.

सौंसरला आमच्या जवाईबापूंचं गॅरेज होतं. जवाईबापू म्हणजे माझ्या लहान बहिणीचा नवरा. आमच्यात जवायाला पहिलं ताट, पहिली खुर्ची, अन् त्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. महिन्याआधी याच चाकाचं बेरिंग त्यांनीच बदललं होतं. दुसरा कोणी मिस्त्री असता तर मी त्याच्या डोक्यावर उभा राहिलो असतो. पण जवाई पडले! त्या दिवशी मी आपला शहाण्यासारखा आतल्या घरात बहिणीच्या हातचा चहा पीत बसलो होतो.

नवा एक्सल दुसऱ्या दिवशी नागपूरच्या बसनं आला. जवाईबापूंनी चाक काढलं, पुलर लावून हब ओढला, तुटका बाहेरचा तुकडा बेरिंगसकट हातात आला. आतला तुकडा अडकून बसला होता. तो मी तारेचा फासा टाकून ओढून काढला, चिंधीनं पुसला, अन् माझं डोकंच फिरलं. तुटलेलं तोंड अर्धं काळंकुट्ट, ग्रीस मुरलेलं, अन् अर्धं घासलेल्या विळ्यासारखं चकचकीत. म्हणजे अर्धी फाट जुनी होती. बेरिंग बदलताना हाच दांडा त्यांनी हातात धरला होता. आंधळ्याच्या बोटाला लागली असती ती फाट!

"जवाईबापू, हे काय हाये?"

त्यांनी पाहिलं अन् मान वळवली. "नवा टाकून राहिलो ना आता? झालं मंग."

तेवढ्यात रात्री रेस्ट हाऊसवर थांबलेले साहेब आले. तुटला कसा, म्हणून विचारलं. जवाईबापू हात पुसत म्हणाले, "साहेब, हा गाडी लय दामटते. चढावर क्लच धाडकन सोडते. लोखंड तरी किती सोसन?"

आता बोला! तुकडा माझ्या हातात होता. नुसतं तोंड फिरवून दाखवायचं होतं, साहेबांना गाड्यांमधलं कळत होतं. पण दारात बहीण चहाचे कप घेऊन उभी होती. तिच्या नवऱ्याला चारचौघात खोटं पाडलं असतं, तर मी पांढुर्ण्याला निघून गेलो असतो अन् भोगलं तिनं असतं. मी तुकडा खाली ठेवला. "चुकलं साहेब," म्हणालो. साहेब चहा न घेताच गेले. तो कागद त्यांनी सही न करता परत पाठवला, हे मला आठवड्यानं कळलं.

साहेब गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. वाटलं, बहिणीजवळ तरी मन मोकळं करावं. म्हणालो, "बाई, फाट दिसूनबी त्याईनं तोच दांडा बसवला वं."

ती कणीक मळत होती. "मालूम हाये मले," म्हणाली. "तवाच सांगतलं होतं त्याईनं. नवा नागपूरवून आना लागते, चालन तवरक चालन, म्हने."

"अन् मले काऊन नाई सांगतलं?"

"तू त्याईच्यावर भडकला असता, दादा."

बेरिंग बदलल्यापासून एक्सल तुटेपर्यंतच्या त्या महिन्यात मी चार-पाच वेळा तिच्याकडे गेलो असेन. दर वेळेस ती जीपपर्यंत यायची, दाराला हात लावून म्हणायची, "सांभाळून जाय दादा."