दुसरी न्याहारी

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. चार म्हातारे रोज सकाळी एका बाकावर बसवा. चौघांना शुगर असू द्या. मांडीवर डबे ठेवा. बाकीचं आपोआप होतं. खाण्यावर बंदी आली की माणूस बोलायला लागतो. भांडुपच्या आमच्या बागेतल्या बाकावर इतके किस्से साचलेत, की एकाने तोंड उघडलं तर दुसरा म्हणतो, "थांब, आधी माझा!"

आम्ही चौघे म्हणजे मी सावंत. वसंता परब, गिरणीपासूनचा माझा दोस्त. दुमिंग, इथल्याच गावठाणातला. तुम्ही सगळे आमच्या गावात नंतर आलात, हे तो दिवसातून एकदा तरी ऐकवतो. आणि हसमुखभाई, कटलरीचं दुकान मुलाच्या हाती देऊन रिकामे झालेले.

*

वसंताची पहिली टेस्ट. उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. मी सोबत गेलो.

रक्त घेणाऱ्या मुलीने विचारलं, "काका, काही खाल्लं नाही ना?"

"छे गं! आज संकष्टी. माझा कडक उपास असतो."

रिपोर्ट आला तशा आमच्या डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच. "हे उपाशीपोटीचं आहे?"

"एकदम उपाशी," वसंता म्हणाला. "सकाळपासून नुसती साबुदाण्याची खिचडी. आणि थोडा बटाटा."

बाई खाली बसल्या. साबुदाणा आणि बटाटा पोटात गेला की त्याची साखरच होते, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. वसंताने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मग देवाला कसा चालतो?"

बाईंकडे त्यावर गोळी नव्हती.

हसलो आम्ही. पण वसंताची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, शुगर खाली आणा, मगच मी हात लावीन. आणि घरी सुलभावहिनी. त्यांना दोन-तीन वर्षांपासून विसरायला होतं. गॅस चालू राहतो, दार उघडं राहतं. मुलगा चेंबूरला, कामामुळे रविवारीच येतो. वहिनींना सांभाळणारा एकटा वसंता. आणि आता त्याला वहिनींच्या गोळीचं पाकीटही नाकाला लावून बघावं लागत होतं.

"माझे डोळे गेले तर तिला कोण बघणार रे, सावंता?" असं तो एकदाच म्हणाला. आम्हाला एकदा पुरलं.

*

डॉक्टरीणबाईंनी दुमिंगचा पाव बंद केला. सकाळचा पाव बंद म्हणजे दुमिंगच्या घरी सुतकच. दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला.

"डॉक्टर, बोंबील चालेल?"

"चालेल. तळायचा नाही, मिठात घातलेला नको."

"सुका, नुसता भाजलेला?"

"चालेल."

"सकाळी?"

"हो, सकाळीही चालेल. सोबत एक छोटी भाकरी आणि काकडी खा."

कोर्टातून केस जिंकून यावी तसा तो बाहेर आला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी बाकावर बोंबील. आंब्याखाली योगावाल्यांचा वर्ग भरायचा. पहिल्या दिवशी त्यांनी श्वास घेतला. दुसऱ्या दिवशी रोखून धरला. तिसऱ्या दिवशी सतरंज्या उचलून ते बागेच्या पलीकडच्या टोकाला गेले.

दुमिंग म्हणाला, "बघ, शुगर पण उतरली, सावली पण मिळाली!"

*

हसमुखभाईंच्या सुनेने त्यांच्यासाठी शुगर फ्री बिस्किटांचा पुडा आणला. त्यांनी बाकावर बसून तो एका बैठकीत संपवला.

मी म्हटलं, "अहो, काय चाललंय?"

"शुगर फ्री छे ने, सावंतभाई!"

"साखर नाही, मैदा आहे ना त्यात!"

त्यांनी रिकामा पुडा उलटसुलट करून बघितला. म्हणाले, "तो तर त्यांनी किती बारीक अक्षरात लिहिलाय! मोठ्या अक्षरात लिहिलं, तेवढंच मी मानतो."

हेच हसमुखभाई एका शनिवारी बागेत गोल गोल फिरत होते. घाम फुटला तरी थांबेनात. आम्हाला वाटलं, शुगर वाढली. वसंताने हाक मारली, "अहो, बसा आता!"

ते लांबूनच ओरडले, "उद्या घाटकोपरला भाच्याचं लग्न आहे. जलेबी असणार. अ‍ॅडव्हान्समध्ये चालून ठेवतोय!"

*

आता माझं. माझं थोडक्यात सांगतो.

जन्मभर मी सकाळी कांदेपोहे खाल्ले. ताटली भरून, वर शेव. शुगर निघाली तेव्हा बायकोने मुगाची उसळ पुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी नाचणीचं पातळ आंबील. मी ताटली सरकवली. म्हटलं, हे आजाऱ्याचं जेवण. मी आजारी नाही.

ती समोर बसली आणि स्वतः आंबील प्यायली. पोह्यांवर तिचा माझ्याहून जास्त जीव. तिला शुगर नाही, प्रेशर नाही, काही नाही. चौथ्या दिवशी मी विचारलं, "तू कशाला पोहे सोडलेस?"

"एका गॅसवर दोघांचे दोन नाष्टे कोण करत बसणार?"

आमच्या गॅसला दोन बर्नर आहेत. मी वाटी ओढली आणि खायला लागलो.

*

बाकावर एक नियम आहे. मी घातलेला. आपला डबा आपण खायचा नाही. डावीकडच्याने उजवीकडच्याला द्यायचा. घरून येताना कुणी डब्यात शिरा भरला, वेफर्स लपवले, तर ते दुसऱ्याच्या हाती लागतं. हसमुखभाई या नियमात पहिल्याच आठवड्यात पकडले गेले. थेपल्यांच्या खाली मोहनथाळ!

वसंताचा डबा मात्र नेहमी स्वच्छ. उकडलेलं अंडं, मोडाची मटकी, टोमॅटो. सगळं तो स्वतः करायचा. चालायलाही आमच्यात पुढे. गोळ्या वेळेवर. तरी महिन्याचा रिपोर्ट आला की आकडा तिथेच. डोळ्यांचा डॉक्टर पुन्हा म्हणायचा, "पुढच्या महिन्यात बघू."

दुमिंगने एकदा तोंडावर विचारलं, "खरं सांग वसंता, घरी काय हाणतोस?"

"काही नाही रे."

"मग आकडा काय हवेने वाढतो?"

वसंता डब्याचं झाकण लावत बसला. झाकण लागत नव्हतं, आणि त्याला ते दिसत नव्हतं. दुमिंगनेच लावून दिलं.

माझी शाळा सातवीत सुटली. पण रिपोर्टावरचा आकडा मला वाचता येतो. माणूस खोटं बोलेल, आकडा नाही. दुसऱ्या दिवशी मी बागेत गेलोच नाही. थेट वसंताच्या घरी गेलो. तो बागेतून परत आला तेव्हा मी त्याच्या खुर्चीत बसलेलो.

वहिनी आतून आल्या. वसंताला बघून चेहरा फुलला. "ईलात? न्हेरी केल्यात?"

वसंताने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "नाय अजून."

आत्ताच तर बाकावर न्याहारीचा डबा खाऊन आलेला! मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने हाताने गप्प केलं. वहिनी आत गेल्या. तव्यावर पीठ पडल्याचा आवाज आला. तांदळाची घावनं, पातळ, जाळीदार. कधी काय झालं ते त्या विसरतात, पण हात विसरलेले नाहीत. वसंताने दोन घावनं खाल्ली. वहिनी ताटली घेऊन आत गेल्या. भांडं घासलं. परत बाहेर आल्या.

"ईलात? न्हेरी केल्यात?"

"नाय अजून," वसंता म्हणाला.

परत तवा. परत दोन घावनं.

मी त्याला जिन्यात ओढलं. "वाट लावून घेतोयस स्वतःची! खाल्लं म्हणून सांगायला काय होतं?"

"सांगितलं होतं, सावंता. सुरुवातीला सांगितलं होतं." तो कठड्याला धरून उभा. "मी खाल्लं म्हटलं की ती घाबरते. म्हणते, मी कधी घातलं? मला कसं आठवत नाही? मग भिंतीकडे तोंड करून बसते. संध्याकाळपर्यंत तशीच. त्यापेक्षा दोन घावनं खाल्लेली परवडतात."

मी घरी गेलो.

*

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "वहिनींना थांबवू नका. पीठ बदला."

दुसऱ्या सकाळपासून वसंताच्या ओट्यावर तांदळाच्या पिठाऐवजी आमच्याकडचं मुगाचं वाटण. सालीसकट मूग रात्री भिजवायचे, आलं-मिरची घालून वाटायचे. वहिनींनी पातेल्यात डाव फिरवला.

"ह्यां पीठ हिरवां कशान झाला?"

वसंता म्हणाला, "सावंताच्या बायकोन दिल्यान."

"तिका काय येता?" म्हणाल्या आणि घावनं घातली. झकास झाली. ही गोष्ट मी घरी अजून सांगितलेली नाही.

पण मुगाची झाली म्हणून माणूस किती खाणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदा पोटभर खा, दहादा नको. मग बाकच उचलला म्हणा ना. बागेत चालायचं आणि न्याहारीला वसंताकडे. वहिनींनी विचारलं की पहिल्या खेपेला वसंता खाणार. दुसऱ्या खेपेला मी. मग दुमिंग, मग हसमुखभाई. ताटली वसंतापुढे यायची. वहिनी आत वळल्या की ती गुपचूप पुढच्याच्या मांडीवर जायची. डबा पुढे सरकवायचा नियम आम्हाला पाठच होता. वहिनी बाहेर यायच्या, रिकामी ताटली बघायच्या, आणि एवढ्या खूश व्हायच्या की आम्हाला एकमेकांकडे बघवायचं नाही.

हसमुखभाईंना अंडं चालत नाही, बोंबलाचा वास चालत नाही. पण वहिनींची घावनं ते मिटक्या मारत खायचे. एकदा वहिनी अचानक मागे फिरल्या आणि ताटली त्यांच्या हातात! वहिनी बघतच राहिल्या.

हसमुखभाई उभे राहिले. म्हणाले, "भाभी, गरम आहे की नाही, ते बघत होतो."

"मगे?"

"एकदम गरम!" आणि जीभ भाजेपर्यंत घास तोंडातच.

दुमिंगने बोंबील बंद केले. मी विचारलं तर म्हणाला, "तिच्या हातचं सोडून आपलं कशाला खायचं?" दुमिंगने कुणासाठी बोंबील सोडावेत, हे गावठाणात अजून कुणाला खरं वाटत नाही.

*

महिन्याने आकडा उतरला. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी. डोळ्यांचा डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाला, "आता करू." वसंता खुर्चीतून उठेना. मी म्हटलं, "चल रे." तो म्हणाला, "थांब जरा," आणि रुमाल काढून पुसायला लागला. चष्मा नाही, डोळे.

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं. त्या दिवशी वहिनींजवळ माझी बायको बसली. दोघींनी मिळून ढीगभर घावनं केली, आणि ती आमच्या मजल्यावर वाटावी लागली.

*

चार-पाच दिवसांनी आम्ही सगळे वसंताकडे गेलो. तो काळा चष्मा लावून खुर्चीत बसलेला. कॅलेंडरवरच्या तिथ्या लांबून वाचून दाखवत होता. वहिनींच्या गोळीचं पाकीट उचललं, हात लांब धरला आणि नाव वाचलं. दुमिंगने टाळ्या वाजवल्या.

वहिनी आतून आल्या. घावनांची ताटली वसंतापुढे ठेवून आम्हा तिघांकडे नीट बघितलं. मला त्या कधी ओळखतात, कधी नाही. वसंताच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाल्या, "तुमी जरा आत येवा."

वसंता आत गेला. मधे नुसता पडदा. खोली केवढीशी, सगळं ऐकू येतं.

"ह्ये कोण ते म्हायत नाय," वहिनी हळू आवाजात सांगत होत्या. "पण रोज येतत आणि तुमची न्हेरी खातत. मी बघलंय. म्हणान कालच तुमच्यासाठी लपवन ठेवलंय."

हसमुखभाईंचा हात ताटलीवरून मागे आला. दुमिंग छताकडे बघायला लागला.

आत डब्याचं झाकण वाजलं.

"हळू खावा," वहिनी म्हणाल्या. "भायर ऐकाक येतला."