आटलेलं तीर्थ

कपालेश्वराला नंदी नाही, हे नाशकातलं शेंबडं पोरही सांगेल. मी मात्र सगळा जन्म पंचवटीत काढूनही त्या दिवशी पायऱ्या चढून गेलो आणि ज्याच्या कानात गाऱ्हाणं सांगायचं तो नंदी शोधत गोल गोल फिरत राहिलो. मागच्या बाईंनी विचारलं, "काही हरवलं का हो?" काय सांगणार? अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली होती, केमो सुरू व्हायची होती आणि माझी अक्कल ठिकाणावर नव्हती. खरं सांगायचं तर माझी श्रद्धा तोवर अशीच होती. कुणीतरी मधला गाठायचा, त्याच्या कानाला लागायचं आणि काम काढून घ्यायचं. देव ऐकतो का, याची मला शंकाच होती.

अण्णांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरपुढे नोकरी काढली. आगीला न घाबरणारा माणूस. पण दुसऱ्या केमोनंतर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पाण्यालासुद्धा लोखंडाची चव येते म्हणायचे, घोट घेतला की थुंकायचे. तिसऱ्या केमोच्या आदल्या दिवशी म्हणाले, "आता पुरे. मी येणार नाही." मध्येच सोडलं तर आधीचं सगळं वाया जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. मी विनवलं, चिडलो, शेवटी खोटं खोटं रडलो. त्यातलं बरंचसं खरं निघालं. मग अण्णा म्हणाले, "गंगेचं तीर्थ आण. ते तोंडात धरवलं तर येतो. नाहीतर विषय संपला."

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. पण हॉस्पिटलात ताकीद होती की अंगातली ताकद उतरलीय, उकळून गार केलेल्या पाण्याशिवाय काही द्यायचं नाही. तेव्हा मी ठरवलं, तीर्थ उकळायचं! असा शोध माझ्याच डोक्यातून निघू शकतो.

सकाळी सहाला रामकुंडावर गेलो. धुकं इतकं की समोरचा काठ पुसून टाकल्यासारखा. बाटली भरली, घरी येऊन पातेलं गॅसवर ठेवलं आणि शेजारी स्टूलवर बसलो. पाण्याची सूं सूं ऐकता ऐकता डोळा लागला. स्वप्नात नदी आवाज न करता स्वयंपाकघरात शिरली होती. घोट्याइतक्या पाण्यात अण्णा खाकी कपड्यांत उभे राहून भिंतीवरच्या कुठल्याशा मीटरचा काटा बघत होते आणि म्हणत होते, "थांब, घाई करू नकोस." मी थांबलो. इतका थांबलो की करपल्याच्या वासाने जाग आली. पातेलं कोरडं ठणठणीत आणि काळंकुट्ट. गंगा आटली होती.

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. पुन्हा घाटावर जायला वेळ नव्हता. मी अण्णांसाठी रोज उकळून ठेवतो तेच पाणी, ज्याला ते चार दिवस तोंड वाकडं करत होते, तांब्यात ओतलं आणि त्यांच्या ओंजळीत घातलं. त्यांनी डोळे मिटले. पाणी तोंडात धरलं. मी कॅलेंडरकडे बघत राहिलो, कारण त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "गोड आहे रे." आणि पुन्हा हात पुढे केला. मग उठून चपला शोधू लागले.

केमोच्या खोलीत हिरवे पडदे होते, त्यातून येणारा उजेडही हिरवट, तळ्याच्या तळाशी बसल्यासारखा. सलाईन लागलं आणि अण्णांना झोप लागली. माझ्या हातात तांब्या तसाच होता. शेजारच्या खुर्चीतले, डोक्याला पंचा गुंडाळलेले एक काका म्हणाले, "भाऊ, तीर्थ हाय का? दोन थेंब आम्हाला बी द्या."

बापाला फसवणं घरातलं प्रकरण होतं. या परक्या माणसाला कसं फसवू? मी हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. पातेल्यासकट. काका असे हसले की सलाईनची नळी हलली.

"आजोबा, हात हलवू नका!" सिस्टर काकांवर ओरडल्या.

"अहो, ह्या भाऊला सांगा," काका म्हणाले. "जन्मभर पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवला मी. पंचवटीला पाणी मीच सोडायचो. तुमच्या नळाला काय समुद्र येतो का? गंगेवरच्याच गंगापूर धरणाचं पाणी ते. गंगा रोज तुमच्या मोरीत येती, अन् तुम्ही बाटली घेऊन घाटावर पळता! लय हुशार!" मग तळहात पुढे केला. "द्या आता."

मी दिलं. त्यांनी डोळ्यांना लावून घेतलं. नंतर कितीतरी वेळ मी नुसता बसून होतो. अण्णांच्या नळीत थेंब पडत होता, काकांच्या नळीत पडत होता आणि मला वाटत होतं की हे सगळं एकच पाणी आहे, कुठून तरी सावकाश येतंय आणि मला काही करायचं नाहीये. त्या दिवशी देवाकडे मी काहीच मागितलं नाही. आठवणच झाली नाही.

निघताना अण्णांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे. करपल्याचा वास गल्लीभर होता."

"मग गोड कसं लागलं?"

"ते मला काय विचारतोस? लागलं."

काकांचं नाव विचारायचं राहिलं. पुन्हा ते दिसले नाहीत. मनातल्या मनात हात जोडतो, एवढंच.

त्या दिवशी बाहेर काउंटरवर मी खिशातला कागद काढला. अजून किती केमो, गुण कितपत येईल, नाहीच आला तर काय, असे प्रश्न रात्री जागून लिहिले होते. पण अण्णा माझ्याआधी पोचले. भिंतीला टेकून म्हणाले, "ताई, पुढची तारीख द्या."

मी कागद घडी करून परत ठेवला आणि त्यांच्या मागे मुकाट्याने उभा राहिलो.