आत्या जग वाचायला निघाल्या

माझ्या सासूबाई, दगूबाई पितांबर पाटील. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. एकसष्ट वर्षांच्या आहेत. शाळा चौथीपर्यंत. पुढे लग्न, कळसाडीचं शेत, दोन म्हशी आणि माझे यजमान नवनीत यांच्यासह तीन मुलं. वाचन म्हणाल तर लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचं नाव आणि देवळातली आरती. यांनी सहा महिन्यांत काय केलं, ते मी सांगणार आहे. कारण सुरुवात माझ्यापासून झाली आणि पुढे सगळं त्यांनी केलं.

नाशिकच्या जागृती नावाच्या एका बाई फोनवर वाचकांचा गट चालवतात. त्यांनी जानेवारीत आव्हान दिलं: दर महिन्याला एका देशातलं एक पुस्तक वाचायचं, अनुवाद कोणत्याही भाषेतला चालेल, आणि वाचून झालं की त्याबद्दल स्वतःच्या आवाजात गटावर बोलायचं. वर्षअखेरीला सगळ्यांनी ऑनलाइन जमायचं. मी हौसेने नाव दिलं. जपान वाचला, केनिया वाचला. शहाद्याच्या वाचनालयातले गिरधरभाऊ पुस्तकं शोधून ठेवायचे, नाही मिळालं तर मागवून द्यायचे.

तिसरं पुस्तक नॉर्वेचं होतं. खाडीवर होडी चालवणारी एक विधवा, आणि तिच्याशी भांडून शहरात निघून गेलेली तिची मुलगी. दुपारी आत्या तूर निवडत बसायच्या आणि मी मोठ्याने वाचायचे. पुस्तक अर्ध्यावर आलं आणि मला आरोग्यसेविकेची ऑर्डर आली. नेमणूक तोरणमाळला. आठवडाभर वर राहायचं, शनिवारी घाट उतरून घरी यायचं. तिथे मोबाइलला रेंज मिळायची ती एका वळणावर उभं राहून. पाडे हिंडून पाय दुखायचे, वाचन कुठलं व्हायला. जून उजाडला तेव्हा मी ठरवलं, जागृतीताईंना सांगून नाव काढून घ्यायचं.

त्या शनिवारी घरी आले तर आत्या ओट्यावर बसलेल्या. मांडीवर नॉर्वे. बोट ओळीवर, ओठ हलताहेत.

"काय करी ऱ्हायनात आत्या?" मी आमच्या अहिराणीत विचारलं.

"ती पोर घर वनी का नही, हाई माले समजाले पाह्यजे," त्या म्हणाल्या. "तू तर निंघी गयी डोंगरवर."

मी म्हटलं, मीच सांगते शेवट, पान काढून बघते. त्यांनी पुस्तक माझ्या हातून ओढून घेतलं. पंधरा दिवस लागले त्यांना. पुढच्या-पुढच्या शनिवारी मी बसमधून उतरले तर त्या फाट्यावर येऊन उभ्या. "वनी वं! पोर घर वनी!" पोर घरी आली, हे त्यांनी एवढ्या मोठ्याने सांगितलं की शेजारच्या सुकलालभाऊंना वाटलं, आमची नणंदच माहेरी आली.

मी नाव काढून घेणार आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "नाव काढू नको. मी वाचसू."

मी जागृतीताईंना फोन केला. त्यांनी हसून नाही, नीट विचार करून उत्तर दिलं. सासूबाईंनी जरूर यावं, पण स्वतःच्या नावाने. आणि शीलाने, म्हणजे मी, वाचलेली पुस्तकं त्यांच्या खात्यात धरता येणार नाहीत. म्हणजे अर्धं वर्ष संपलेलं, आणि आत्यांना जपानपासून पुढे बाराही देश. नॉर्वेसुद्धा अर्धं माझ्या तोंडून ऐकलेलं, तेही पुन्हा पहिल्या पानापासून.

"बरोबर शे तिन्हं," आत्या म्हणाल्या. "आयकेल आनि वाचेल एक नही."

मामंजी गोठ्यातून म्हणाले, "या वयमा परीक्षा देवाले बठनी का तू?"

आत्यांनी चष्मा पुसला आणि जपान उघडला.

पहिला महिना फार जड गेला. जोडाक्षरावर अडायच्या, परत मागे जायच्या. एका पानाला पाव तास. पण त्यांची एक गोष्ट मी पाहिली: पुस्तकातल्या माणसाला त्या पाहुणा समजत नव्हत्या. जपानच्या पुस्तकातल्या म्हाताऱ्या दुकानदाराला त्या नावं ठेवायच्या, रागवायच्या. केनियाचा गुराखी कोरड्या नदीकाठाने गुरं घेऊन चालायला लागला तेव्हा त्या दोन दिवस बेचैन होत्या. नॉर्वेबद्दल गटावर बोलताना त्यांनी एकच प्रश्न विचारला: एवढ्या बर्फात ढोरांना चारा कुठून घालतात? गटातल्या कुणाची तरी बहीण तिकडे राहते. तिने उन्हाळ्यातच गवत कापून, वाळवून, गुंडाळून ठेवतात त्याचे फोटो पाठवले. मामंजींनी फोन हातात घेऊन ते फोटो दोनदा पाहिले. आव्हानात त्यांनी पहिल्यांदा लक्ष घातलं ते तिथे.

मग ऑगस्टमध्ये एका बाईंनी गटावर लिहिलं. वाईट काही नव्हतं त्यात. "दगूबाई फार मनापासून बोलतात, पण भाषा समजत नाही. प्रमाण मराठीत बोलल्या तर सगळ्यांना आनंद घेता येईल."

आत्यांनी ते स्वतः वाचलं. त्या रविवारी त्यांनी 'शुद्ध' बोलून पाहिलं. मी समोर होते. शाळेत पाठ केलेलं भाषण म्हणावं तसा आवाज निघाला. मधेच थांबल्या, फोन खाली ठेवला. पुढचे आठ-दहा दिवस पुस्तकाला हात लावला नाही. मी काही बोलले तर म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे. शिकेल लोकस्नं काम शे ते."

त्यानंतरच्या शनिवारी मी पुढचं पुस्तक, ब्राझीलचं, त्यांच्याजवळ नुसतं ठेवून दिलं. न राहवून त्यांनी पहिलं पान उलटलं. लेखिकेच्या नावाखाली एक मराठी नाव होतं.

"हाई कोन शे?"

"अनुवाद करणारा," मी सांगितलं. "ती बाई तिच्या भाषेत लिहिते, तो मराठीत आणतो."

आत्या त्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "मंग ती बाई तिन्ही बोलीमाच बोलनी ना? मराठी शिकाले नही गयी. या मानूसनी तिले मराठीमा आनी. मी तिले अहिरानीमा आनसू. ज्याले समजनं नही, तो इचारी ली."

आणि फोन उचलून तेच जसंच्या तसं गटावर बोलल्या. रागाने नाही, घरचं माणूस समजावतं तसं. ज्या बाईंनी लिहिलं होतं, त्यांचंच पहिलं उत्तर आलं: "पटलं. मी विचारत जाईन." आणि खरोखर विचारायला लागल्या. 'आते' म्हणजे काय, 'डोया' म्हणजे काय. आता, डोळा, असं आत्या सांगायच्या. पुढे पुढे त्या बाई फोन करून तासतास बोलायला लागल्या.

त्यानंतर आत्यांना कुणी अडवू शकलं नाही. रशियाचं पुस्तक विटेएवढं जाड होतं आणि त्यात एकेका माणसाला तीन-तीन नावं. मी स्वतः ते कधीच सोडून दिलं असतं. आत्या म्हणाल्या, त्यात काय, माहेरी एक नाव, सासरी दुसरं, म्हातारपणी गाव तिसऱ्याच नावाने हाक मारतं. त्यांनी सगळ्यांना आपली नावं वाटून टाकली. सरदाराला वीरसिंग म्हणाल्या, त्याच्या गाडीवानाला दिवाल्या. त्या नावांनी पुस्तक बरोबर लक्षात राहिलं.

कापूस वेचणी सुरू झाली तेव्हा मला वाटलं, आता वाचन बंद. झालं उलटं. सकाळी वाचलेलं त्या वेचताना बायकांना सांगायच्या. आत्यांच्या सरीच्या दोन्ही बाजूंना गर्दी व्हायची, बाकीचं शेत तसंच पांढरं. सुट्टीच्या दिवशी मीही गेले होते वेचायला. वीरसिंगाची सून घर सोडून निघते त्या ठिकाणी आत्यांनी गोष्ट थांबवली, "आते उद्या." बायकांनी अशी ओरड केली की बांधावरचे बगळे उडाले.

नोव्हेंबरअखेर अक्षरं पुसट दिसायला लागली. नंदुरबारला दाखवलं. मोतीबिंदू. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख डिसेंबरमधली दिली, आणि नंतर काही आठवडे वाचायचं नाही.

"आते नही साहेब," आत्या म्हणाल्या. "जानेवारीमा येसू. मन्हं एक काम राहेल शे."

तेवढं थांबायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण आत्यांचे तीन देश बाकी होते, आणि त्यांना आता फक्त भर उन्हातच वाचता येत होतं. सकाळचं ऊन म्हणजे म्हशींची वेळ, दुपारचं ऊन म्हणजे शेत.

दुसऱ्या दिवशी मामंजी पहाटे उठून दोन्ही म्हशींचं दूध काढून आले. शेण-झाडलोट केली. मग खाट गच्चीवर नेऊन ठेवली आणि म्हणाले, "जाय, वाच." ऊन सरकलं की ते वर जाऊन खाट सरकवायचे. हळूहळू तिथेच पायाशी बसायला लागले. शेवटचं पुस्तक चिलीचं. वाळवंटातली खाण, आत अडकलेली माणसं आणि बाहेर चूल मांडून बसलेल्या त्यांच्या बायका. आत्या मोठ्याने वाचायच्या. श्वास घ्यायला थांबल्या की मामंजी विचारायचे, "मंग काय व्हयनं?"

आव्हान संपायच्या आदल्या दुपारी आत्यांनी शेवटचं पान वाचलं. मी तोरणमाळच्या त्या वळणावर होते. फोन लागला, आणि पलीकडून शब्द नाही, नुसतं हसू ऐकू आलं. खूप वेळ. मग मामंजींचा आवाज: "व्हयनं तिन्हं समदं. सगळा मानसं जितंच निंघनात खाणमातून!"

दुसऱ्या दिवशी ऑनलाइन मेळावा. मी पहाटेच घाट उतरून घरी आले होते. नवनीतनी फोन टीव्हीला जोडला. आमच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. वेचणीच्या सगळ्या बायका, सुकलालभाऊ, शहाद्याहून खास आलेले गिरधरभाऊ. आत्यांनी नवं लुगडं नेसलं होतं, आणि चष्मा तीनदा पुसला होता.

जागृतीताईंनी सांगितलं, सुरुवातीला शंभरावर लोकांनी नावं दिली, शेवटपर्यंत पोहोचले ते अकरा. एकेक नाव घेतलं. "कळसाडी, तालुका शहादा, दगूबाई पितांबर पाटील. यांनी हे सहा महिन्यांत केलं." ओसरीत असा गलका झाला की पुढची नावं ऐकूच आली नाहीत. पडद्यावरच्या छोट्या छोट्या चौकटींतही लोक टाळ्या वाजवत होते. मामंजी टाळ्या वाजवत नव्हते. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते फक्त आत्यांकडे बघत होते.

प्रत्येकाने एक पान वाचायचं होतं. आत्यांनी चिलीचं पान घेतलं. पुस्तक अगदी डोळ्यांजवळ धरून, अडखळत, पण एकही शब्द न गाळता वाचलं. मग पुस्तक मिटून तेच पान अहिराणीत सांगितलं, आणि तेव्हा कुठेही अडखळल्या नाहीत. खाणीच्या तोंडाशी बसलेल्या बायका आमच्या ओसरीत येऊन बसल्यासारखं वाटलं.

शेवटी जागृतीताईंनी विचारलं, "आजी, सगळं जग वाचलंत. काय वाटलं?"

आत्यांनी थोडा विचार केला. "समदं चांगलं शे. पन एक तक्रार शे. समदा देशस्मा सासू खराबच दखाडेल शे. पुढला साल चांगली सासूनं एक तरी पुस्तक धाडा."

जागृतीताई हसता हसता पडद्याबाहेर गेल्या. गिरधरभाऊ म्हणाले, शोधतो. आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, म्हणून मी सांगून टाकलं, असं पुस्तक सापडलं नाही तर मी लिहीन.

मेळावा संपला तरी घरी कोणी जाईना. चिलीची पूर्ण गोष्ट त्यातल्या पुष्कळ जणींनी ऐकलेली नव्हती. आत्यांनी खाट भिंतीशी सरकवली, पाय वर घेतले, मामंजींना सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.