सायकल स्टँडवरून गेलेला इंटरव्ह्यू

आमच्या गोंदियाच्या कॉलेजात वायफाय आलं तेव्हा प्रत्येक विभागाने आपापला राउटरचा डबा भिंतीवर ठोकला आणि त्याला आपलंच नाव दिलं. मी भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख. आमचं नाव मला भारी प्रिय. एका दारातून निघून दुसऱ्यात शिरेपर्यंत चालू असलेलं सगळं तुटायचं, पण ते तसंच असतं असं मी धरून चाललो होतो.

आमच्या लॅब अटेंडंटला मात्र ते सोसेना. आयटीआय झालेला, फुलचूरहून सायकलने येणारा माणूस. दुपारभर हातात मोबाइल धरून आवारात फिरायचा आणि सिग्नल पडला की तिथे खडूने फुली मारायचा.

"काय भाऊ, जमीन मोजून राहिला का?" कुणी चिडवलं तर नुसता हसायचा.

सर्वांत जास्त फुल्या सायकल स्टँडजवळ पडल्या. तिथल्या पत्र्याखाली त्याने एक जुना डबा बसवला, लायब्ररीच्या इन्व्हर्टरवरून तार ओढून. मग विभागाविभागात जाऊन सगळ्या डब्यांना एकच नाव, एकच पासवर्ड द्या म्हणून विनवलं. सगळे मानले. मी नाही मानलो.

"सर, मानूस चालून राहिला तं डब्यानं त्याले सोडावं काऊन?"

मी त्याला चार शब्द ऐकवले आणि हाकललं.

पुढे आमच्या एका विद्यार्थिनीचा इंटरव्ह्यू आला. नवेगाव बांधकडची, धानाची शेती करणाऱ्या घरातली पोरगी. दूरच्या संशोधन संस्थेतली जागा होती. व्हिडिओ कॉल माझ्याच खोलीतून. लॅपटॉप अटेंडंटने जोडून दिला. मुलाखत पुन्हा होणार नाही, असं संस्थेने आधीच कळवलं होतं. अर्ध्यावर लाइट गेली आणि आमच्या डब्याची बॅटरी टीं टीं करू लागली.

अटेंडंटने तिला बाजूने खूण केली, ऊठ. खोली बदलते आहे एवढं समोरच्यांना सांगून ती लॅपटॉप दोन्ही हातांत धरून निघाली, उत्तर चालूच. हा तिच्यापुढे उलटा चालत, पायरी आली की बोट दाखवत, नेहमीची वाट सोडून सायकल स्टँडवरून तिला लायब्ररीकडे घेऊन गेला. आमच्या दाराशी मी डोळेच मिटले होते. पण कॉल तुटला नाही. सायकलींमधून वाट काढत तिने अख्खं गणित समजावून सांगितलं. असा कारागीर मी दुसरा पाहिला नाही.

तिची निवड झाली हे पंधरा दिवसांनी कळलं. त्याला मात्र मी इंटरव्ह्यूच्याच दिवशी विचारलं, "आमच्या दाराशी तुटलं कसं नाही?"

तो खाली बघत म्हणाला, "सर, तुमचं नाव हाये तसंच हाये. त्याच डब्यात बाजूले सगळ्यायचं नाव टाकून ठेवलं, महिना झाला. पोरीचा लॅपटॉप त्याच नावाले जोडला. तुमी रागवता म्हनून सांगतलं नाही."

महिनाभर सारं कॉलेज चालता चालता बोलत होतं. दाराशी तुटत होतो तो मी एकटाच.