कामावर परत आणलेला माणूस

परदेशातून आलेला तो अभ्यासक्रम आपल्याकडे बसवायचं काम मला मिळालं, तेव्हा ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत मी घरोघरी पेढे दिले होते. आता ते आठवलं की स्वतःचा राग येतो. तीस वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून मी माणसांना एका हातानं बटण लावायला आणि भाकरी मोडायला शिकवत आले. शिकवून झालं की ती घरी जाऊन भिंतीला टेकून बसत. आता कुणीतरी म्हणत होतं, की अपघातात अपंगत्व आलेल्या कामगाराला घरी बसवू नका, त्याला झेपेल असं काम काढून नोकरीवर परत आणा, आणि हे कसं करायचं ते कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना शिकवा. मला ते मनापासून पटलं होतं. अजूनही पटतं, हीच पंचाईत आहे.

लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत आम्हाला खोली दिली होती आणि टेबलावर तीन जाडजूड पुस्तिका होत्या. त्या 'भारतीय संदर्भात' आणायच्या म्हणजे काय, हे मी ठरवायचं होतं. मी उत्साहानं त्यांतला बर्फ काढून टाकला. बर्फ उपसणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर कचऱ्याच्या गाडीवर आणून बसवला. सँडविचचा डबा केला. कुत्र्याला फिरवून आणणं हा बरं होण्याचा एक टप्पा होता, तिथे कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत चालत जाणं लिहिलं. परदेशातल्या मुख्य कार्यालयानं छान झालंय म्हणून कळवलं.

मुलाखतीच्या पानाला मात्र मी हात लावला नाही. कामगाराशी एकट्याशी बोला, नातेवाइकांना बाहेर बसवा, निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या, असं त्यात होतं. माझ्याबरोबर काम करणारा सहकारी परळचा, गिरणी कामगाराच्या घरातला. तो म्हणाला, "मॅडम, आपल्याकडे माणूस एकटा असतो कुठे? बायकोला आत घ्यायलाच पाहिजे." मी त्याला व्यक्तिस्वातंत्र्यावर अर्धा तास ऐकवलं. पान आहे तसंच छापायला गेलं.

पहिला प्रयोग करायला शिवडीच्या बाजूचा एक जुना कारखाना तयार झाला. तिथला एक कामगार, चोपन्न वर्षांचा, लालबागचा. पॉवर प्रेसवर उजव्या हाताची चार बोटं गेलेली. कारखान्याचे डॉक्टर त्याला अनफिट ठरवून कायमचं घरी पाठवायच्या बेतात होते. मी मध्ये पडले. म्हटलं, हाच माणूस मला द्या.

तो बायकोला घेऊन आला. तिनं छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक फाइल धरली होती. मला वाटलं, हॉस्पिटलचे कागद असतील. मी तिला म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर बसा हं, मला यांच्याशी बोलायचंय." तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि ती उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे मी शांतपणे विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

तो दाराकडे बघत म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, मॅडम."

"माझं सोडा. तुमची इच्छा काय?"

"तुम्ही एवढं करताय आमच्यासाठी. येतो की परत."

मी लिहिलं: कामगाराची स्वतःची इच्छा, कामावर परतण्याची. "तुम्ही म्हणाल तसं" म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. माझे वडील डॉक्टरसमोर हेच म्हणायचे आणि घरी आले की औषधं कपाटात ठेवून द्यायचे. हे सगळं माहीत असूनही मी तसं लिहिलं, कारण मला तेच ऐकायचं होतं.

मग मी झपाटल्यासारखी कामाला लागले. टूल रूमच्या खिडकीतलं काम त्याच्यासाठी काढलं. कामगार पितळी बिल्ला देणार, हा पाना किंवा ड्रिल देणार आणि वहीत नोंद करणार. त्याला डाव्या हातानं लिहायला शिकवायला बसले, तर पहिल्याच दिवशी त्यानं सही करून दाखवली. मला माझ्याच शिकवण्याचं कौतुक वाटलं, आणि तेही मी अहवालात लिहिलं. अहवाल चांगला लांबलचक झाला. डॉक्टरांनी तो वाचून 'हलक्या कामासाठी फिट' असा शेरा मारला. त्याचा खिडकीतला हसरा फोटो आमच्या पुस्तिकेच्या शेवटच्या प्रकरणात गेला.

दहा महिन्यांनी मी पाहणीला गेले. खिडकीशी कुणी बिल्ला देत नव्हतं. माणसं आत हात घालून हवं ते स्वतःच उचलत होती आणि जाताना त्याच्या खांद्यावर थाप मारत होती. वहीची पानं कोरी होती. तो स्टुलावर नीट बसून होता.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"चाललंय, मॅडम. बसायला आहे."

परत निघताना गेटवर युनियनचा माणूस भेटला. त्यानं आधी माझं काम बरं आहे म्हणून सांगितलं आणि मग म्हणाला, "पण मॅडम, अनफिट झाला असता तर पोरीला लागली असती ना नोकरी. जुना करार आहे आमचा. पंचावन्नच्या आत अनफिट केला तर वारसाला घेतात. तेवढ्यासाठी तर तिला फिटरचा आयटीआय करायला लावला त्यानं. तुम्हाला कोणी बोललं नाही?"

कुणी बोललं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

त्याला पंचावन्न पूर्ण व्हायला सहा आठवडे होते. मी डॉक्टरांकडे धावले. त्यांनी माझाच अहवाल माझ्यासमोर उघडून ठेवला. "तुम्हीच लिहिलंय ना हे? हा माणूस काम करू शकतो हे इतकं पटवून दिलंय, आता मी त्याला अनफिट कुठल्या तोंडानं लिहू?" व्यवस्थापनाला मी पत्रामागून पत्र लिहिलं. त्यांनी गोड शब्दांत कळवलं, की हे यशस्वी उदाहरण आता परदेशात पोहोचलं आहे. सहा आठवडे असेच गेले. माझ्या हातात काही राहिलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी लालबागला त्याच्या घरी गेले. माफी मागायला गेले होते. तो खुर्चीतून उठला, मला बसवलं आणि दुकानातून बिस्किटं आणतो म्हणून निघून गेला. बायकोनं चहा टाकला. मुलगी नुकतीच कामावरून आली होती. ती मॉलमध्ये सेंटच्या काउंटरवर दिवसभर उभी असते. बुटांतून पाय सोडवत ती म्हणाली, "पप्पांना तुमचा राग नाहीये. त्यांना बरं वाटलेलं, मोठ्या माणसानं बसवून विचारलं म्हणून."

"आणि तुला?"

"मला आहे," ती म्हणाली आणि मोरीत पाय धुवायला गेली.

बायकोनं फळीवरून ती प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. "त्या दिवशी ही घेवनच इल्लंय मी," ती तिच्या मालवणीत म्हणाली. "तुमी बाहेर बसा म्हणालात."

फाइलमध्ये आयटीआयचं सर्टिफिकेट होतं, रेशन कार्डाची झेरॉक्स होती, मुलीचे दोन फोटो होते. वर वारसाच्या नोकरीचा अर्ज, मुलीच्या अक्षरात पूर्ण भरलेला. त्यावरची तारीख आमच्या मुलाखतीच्या दिवसाची. खाली कामगाराच्या संमतीच्या रेघेवर त्याची सही होती, डाव्या हातानं केलेली, थोडी वाकडी, पण पूर्ण नावाची. मी त्याला लिहायला शिकवण्याच्या आधीची.