तुळशीरामभाऊंचं नख

मुंबईच्या एका जुन्या नोटांच्या व्यापाऱ्याने तुळशीरामभाऊंना फसवलं. त्यांच्या मेक्सिकोच्या खऱ्या नोटा तपासायला म्हणून नेल्या, खोट्या आणून दिल्या आणि वर चारचौघांत त्यांनाच खोटं ठरवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण जळगाव जामोदमध्ये काही जण अजून ही गोष्ट उलटी सांगतात.

भाऊंचा पानमळा सातपुड्याच्या अंगाला होता. मी, गुलाब, त्यांच्याकडून विड्याची पानं घेऊन खंडव्यापर्यंत विकत असे. मला घरून काही मिळालं नव्हतं. जे उभं केलं ते घासाघीस करून आणि भांडून. पहिल्यांदा मळ्यावर गेलो तेव्हा माझ्या आधी सोनाळ्याचं एक गिऱ्हाईक बसलेलं होतं. भाव पाडायला त्याने आपल्या पिशवीतली दोन मरगळलेली पानं भाऊंच्या टोपलीत सरकवली होती. भाऊंनी डोळे मिटून टोपलीत हात घातला. "हे आजचं. हे कालचं. आन् हे दोन तुह्या घरचे हायेत, वापस घेऊन जाय." तो माणूस उठून गेला. मी त्या दिवशी सांगितला तो भाव दिला. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

माणूस गोड नव्हता. भाव कमी करा म्हटलं की म्हणायचे, "परवडत नसन तं चिंचेचा पाला खा." आणि एक खोड होती. पान हातात आलं की कोपऱ्यात अंगठ्याचं नख रुतवायचं, ताजं की शिळं ते पाहायला. लहानपणी तो अंगठा मोटेच्या दोरात सापडला होता. तेव्हापासून नख मधोमध चिरलेलं, त्यामुळे खूण उमटायची ती तुटक्या चंद्रकोरीसारखी. हात इतका सवयीचा झाला होता की बसचं तिकीट, रेशनकार्ड, काहीही हाती पडलं की कोपऱ्यात नख. "लग्नाच्या पत्रिकेले तं सोडा," वहिनी म्हणायच्या. भाऊ म्हणत, "पत्रिका शिळी निघाली म्हंजे?"

आपला जिल्हा नुकताच महाराष्ट्रात आला होता, तेव्हाची गोष्ट. खामगावची कापसाची एक गोरी कंपनी गाशा गुंडाळून निघाली आणि तिच्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला. भाऊंनी पानं ठेवायला एक लोखंडी पेटी घेतली. तिच्या तळाशी फडक्यात बांधलेल्या नोटा निघाल्या. हेडमास्तरांनी वाचून सांगितलं की या मेक्सिको देशाच्या आहेत, आता चालत नाहीत, पण त्या देशात बंडाळी माजली होती तेव्हा खऱ्याच्या बरोबरीने खोट्याही चालायच्या, तेव्हा यातल्या खऱ्या कोणत्या ते जाणकारालाच विचारावं लागेल.

"काऊन? मले बोटं नाईत काय?" भाऊ म्हणाले. ते ओसरीवर बसले आणि पानं लावावीत तशा नोटांच्या दोन थप्प्या लावल्या. मी विचारलं, कशावरून? त्यांनी विड्याचं पान माझ्या हातात दिलं. "पोटाकून हात फिरव. गुळगुळीत. आता पाठीकून फिरव. शिरा लागतात ना? खऱ्या नोटेले शिरा हायेत बे, गुलाब. खोटीले दोन्ही बाजूनं पोटच हाये." मी फिरवून पाहिलं. खऱ्या नोटेवरच्या बाईच्या केसांची एकेक रेघ बोटाला लागत होती.

गावच्या वाचनालयाने त्या नोटा काचेच्या कपाटात, खाली भाऊंचं नाव लिहून, लावायचं ठरवलं. मळ्याला त्यांचं नाव होतंच, पण ते आजोबांपासून आलेलं. हे नाव त्यांचं स्वतःचं होणार होतं. त्यांनी त्या दिवसासाठी नवं धोतर आणून ठेवलं. वाचनालयाच्या मंडळींनी खात्री करायला मुंबईच्या त्या व्यापाऱ्याला बोलावलं. त्याने भिंग लावून खऱ्या-खोट्या वेगळ्या केल्या. भाऊंनी लावल्या होत्या त्याच दोन थप्प्या. मग म्हणाला, खऱ्या वाटतात त्या मुंबईत यंत्राखाली पाहाव्या लागतील. घेऊन गेला.

दिवाळीनंतर परत आला आणि भरल्या वाचनालयात म्हणाला, "वाईट वाटतं सांगायला, पण या सगळ्या बनावट आहेत."

भाऊंनी एक नोट उचलली. "ह्या माह्या नोटा नाईत."

"कशावरून?"

"गुळगुळीत हायेत."

"मी तेच सांगतोय. खोट्या आहेत."

लोक हसले. भाऊंनी कोपरे उलटून पाहिले. "माह्यं नख कुठी हाये? माह्या हरेक नोटेवर नख हाये."

"नोटांना नखं मारणारा संग्राहक मी आजच पाहिला," व्यापारी म्हणाला. लोक आणखी हसले. मी त्याची गचांडी धरली, तर मलाच बाहेर काढलं.

त्यानंतर बाजारात जो तो विचारायचा, "भाऊ, पान मक्शीकोचं तं नाई ना?" ज्यांच्या हाताखालच्या टोपलीत कुणी कधी डोकावलं नव्हतं, त्यांची पानं लोक उलटून पाहू लागले. भाऊंनी भाव उतरवला नाही. दरसाल एकदा मुंबईला जायचे, त्या दुकानात उभं राहून म्हणायचे, "नोटा दाखव." दरसाल तसेच परत यायचे. "काऊन जाता, भाऊ?" मी विचारायचो. "त्यानं इसरू नाई म्हणून."

शेवटी अंगावरून वारं जाऊन त्यांचा उजवा हात लुळा पडला. मी भेटायला गेलो तेव्हा पान हातात धरून बसले होते. "आता मले पाठ-पोट समजत नाई. तू जाजो. गिऱ्हाईक होऊन जाजो. भांडजो नको, नुसता कोपरा पाह्यजो." पोळ्याच्या सुमारास ते गेले.

मी मुंबईला गेलो. इतक्या वर्षांनी त्याने मला ओळखलं नाही. अकोल्याचा हौशी माणूस म्हणून बसलो, मेक्सिकोच्या नोटा मागितल्या. त्याने कपाट उघडून एक नोट माझ्यापुढे ठेवली. "अस्सल आहे. बोट फिरवून पाहा, छपाई लागते हाताला." मी बोट फिरवलं. बाईच्या केसांची एकेक रेघ लागली. मग कोपरा पाहिला. तुटकी चंद्रकोर.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"जुनी घडी असेल," तो म्हणाला. मग माझ्याने भाऊंचं सांगणं पाळवलं नाही, आणि त्याच्या नोकरांनी मला जिन्याखाली उतरवलं.

शेठ, घडी सरळ पडते. ती वाकडी नसते आणि मध्ये तुटलेली नसते. तुम्ही दिलेल्या खोट्या नोटा भाऊंमागे मी जपून ठेवल्या आहेत, त्यांच्या एकाही कोपऱ्यात काही नाही. आमचं वाचनालय तिथेच आहे, हसले होते त्यातले बरेच जण अजून हयात आहेत, आणि ते कपाट रिकामं आहे. जळगावची गाडी पकडा. जिथे उभं राहून बोललात तिथेच उभे राहा, ती नोट सगळ्यांच्या हातात द्या, आणि सांगा, हे नख कोणाचं आहे?